जुनी क्राउन व्हिक्टोरिया घेताना आणि सांभाळताना

अमेरिकेत किंवा कॅनडात थोडक्या पैशांत गाडी शोधायला लागलं की जाहिरातींत एक लांबलचक सेडान हमखास समोर येते. ती असते फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, नाहीतर तिच्या दोन बहिणींपैकी एक: मर्क्युरी ग्रँड मार्क्विस किंवा लिंकन टाउन कार. तिघींचा सांगाडा एकच, त्याला फोर्डने ‘पँथर’ नाव दिलं होतं. खाली ट्रकसारखी स्वतंत्र पोलादी चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद. हा सांगाडा १९७९ च्या मॉडेलपासून चालत आला. शेवटची क्राउन व्हिक्टोरिया सप्टेंबर २०११ मध्ये ऑंटारिओतल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे यातली कुठलीही गाडी आता म्हातारीच आहे, आणि तिच्याकडे त्याच नजरेने बघायचं.

महाराष्ट्रात स्विफ्ट किंवा आय-टेन चालवून आलेल्यांनी आधी टेप घेऊन पार्किंगची जागा मोजावी. क्राउन व्हिक्टोरिया सुमारे ५ मीटर ३८ सेंटिमीटर लांब आहे, टाउन कार त्याहून दहा सेंटिमीटर जास्त. वजन १,८०० किलोच्या वर. ॲव्हरेज शहरात गॅलनला १६ मैल आणि हायवेवर २४ धरावं. रोज दोन्ही वेळा तासभर ट्रॅफिकमध्ये जाणार असाल तर ही गाडी घेऊ नका. दुरुस्तीत वाचवलेले पैसे पेट्रोल पंपावर जातील. पण बोनेटखाली हात घालायला भरपूर जागा, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे भाग आणि आधीच माहीत असलेले मोजके दोष, यामुळे स्वतः दुरुस्ती शिकायला याहून सोपी मोठी गाडी मिळणं अवघड आहे.

या लेखात ‘ड्रायव्हरची बाजू’ म्हणजे डावी बाजू. भारतातल्या सवयीने उजवी समजू नका.

कुठल्या सालची घ्यावी

१९९२ ते १९९७ च्या गाड्या आता हौशी लोकांसाठी सोडाव्यात. त्यातही नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसवलेल्या क्रूझ कंट्रोलच्या स्विचमुळे उभ्या गाडीला आग लागण्याचा धोका होता आणि त्यासाठी फोर्डने रिकॉल केले होते, म्हणजे गाड्या फुकट दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे पाहिल्याशिवाय अशी गाडी घराला चिकटून लावू नये.

१९९८ मध्ये बॉडी बदलली, मागच्या ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारं वॉट लिंकेज आलं आणि प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीची स्वतंत्र कॉइल आली. २००१ पासून इंजिनची हेड सुधारली. २००३ मध्ये बदल सगळ्यात मोठा झाला: चेसिसचा पुढचा भाग नवा, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढे स्प्रिंगसकट शॉकॲब्सॉर्बर. चालवायला २००३ नंतरची गाडी बरीच घट्ट वाटते. २००३ ते २००५ च्या क्राउन व्हिक्टोरिया आणि ग्रँड मार्क्विसमध्ये हेडलाइट अचानक विझण्याचा दोष आहे, त्याबद्दल पुढे. तेव्हा पर्याय असेल तर २००६ ते २०११ मधली एखाद्या आजोबांनी वापरलेली ग्रँड मार्क्विस शोधा. पोलिसांची गाडी दिसायला रुबाबदार असते, पण नवख्याने पहिली गाडी म्हणून तिच्या नादी लागू नये.

पोलिसांची गाडी ओळखायची तर व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, पाचव्या ते सातव्या जागी ‘पी७१’ असतं, शेवटच्या वर्षांत ‘पी७बी’. ओडोमीटरचा आकडा इथे फसवा ठरतो, कारण ही इंजिनं तासन्‌तास जागेवर चालू राहिलेली असतात. २००६ नंतरच्या पोलीस गाड्यांत डॅशबोर्डवरच इंजिनचे तास दिसतात. फोर्डच्याच हिशोबाने जागेवर चालू राहिलेला एक तास म्हणजे इंजिनला सुमारे ३३ मैलांची झीज. ५,००० तास नुसते उभ्याने गेलेले असतील तर ओडोमीटरवरच्या आकड्यात १,६५,००० मैल मनातल्या मनात मिळवा आणि मग भाव करा.

पाहायला जाल तेव्हा: आधी खाली, मग बोनेट

विक्रेता बोनेट उघडून इंजिन दाखवायला लागेल. त्याला थांबवा आणि जमिनीवर आडवे व्हा. या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेली चेसिस परवडण्याजोग्या पैशांत दुरुस्त होत नाही. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, बफेलो, टोरांटो अशा रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागातली गाडी असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं.

टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. पुढच्या चाकांच्या मागे चेसिस जिथे वळते तिथे आणि मागच्या ॲक्सलच्या वर ती जिथे कमानीसारखी उचललेली आहे तिथे टोचून पाहा. वरवरचा तांबूस गंज चालेल. पोपडे सुटत असतील, स्क्रू ड्रायव्हर आत रुतत असेल किंवा ताजा काळा रंग फासलेला दिसत असेल तर गाडी सोडा, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. ब्रेक आणि पेट्रोलच्या बारीक पाइपांवर फुगे आलेत का तेही बघा. ब्रेकचा पाइप फुटतो तो नेमका जोरात ब्रेक दाबल्यावर.

दुसरी तपासणी स्टिअरिंगची. २००५ ते २०११ च्या तिन्ही गाड्यांसाठी फोर्डने २०१३ मध्ये, मिठाच्या राज्यांमधल्या सुमारे ३,७०,००० गाड्यांचा रिकॉल काढला. स्टिअरिंगचा खालचा मधला दांडा गंजून सुटू शकतो आणि मग चाकं वळत नाहीत. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर १७ अक्षरी व्हीआयएन टाकला की कुठले रिकॉल राहिलेत ते फुकट कळतं, एअरबॅगचे रिकॉलसुद्धा. राहिलेलं काम फोर्डचा डीलर पैसे न घेता करतो. सौदा करण्याआधीच हे पाहून जा.

इंजिन थंड असताना चालू करा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं. पहिले दोन-तीन सेकंद टायमिंग चेनचा खळखळाट होऊन थांबला तर ठीक. गरम झाल्यावरही पुढून खडखड येत राहिली तर चेनचे प्लास्टिकचे मार्गदर्शक झिजलेत, आणि ते सहसा ऑइल वेळेवर न बदलल्याने झिजतात. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, त्यामुळे ‘बेल्ट नुकताच बदललाय’ असं कोणी सांगितलं तर तो फॅन बेल्टबद्दल बोलतोय.

मग चालवा. डी मध्ये टाकल्यावर धक्का बसतो का, ४० ते ५० मैलांच्या वेगात हलक्या एक्सलरेटरवर थरथर होते का, वेगाबरोबर मागून घुरघुर वाढते का, एसीची हवा समोरच्या जाळ्यांतून येते की काचेकडे जाते, हे लक्षात ठेवा. प्रत्येकाचा अर्थ पुढे येतो.

पहिल्या आठवड्यात: सगळी तेलं-पाणी

आधीच्या मालकाने काय केलं हे माहीत नसतं, म्हणून काहीच केलं नाही असं धरून चाला.

इंजिन ऑइल: ५डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ६ क्वार्ट, म्हणजे साधारण ५.७ लिटर. फिल्टर मोटरक्राफ्टचा एफएल-८२०एस. स्वस्त आहे आणि चांगलाही आहे. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे बोटाने चाचपा. दोन रबरं एकावर एक बसली तर चालू केल्या केल्या सगळं ऑइल जमिनीवर येतं. दर ५,००० मैलांनी बदला. आणि दर दोन टाक्यांमागे एकदा दांडी काढून पातळी पाहा. ही इंजिनं म्हातारपणी थोडं ऑइल पितात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण कमी पातळीवर चालवणं चेनला भोवतं.

कूलंट: २००३ नंतरच्या गाड्यांत फोर्डचं पिवळसर ‘गोल्ड’ कूलंट असतं, त्याच प्रकारचं घाला. हिरवं आणि पिवळं मिसळू नका. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. पूर्ण यंत्रणेत १९-२० क्वार्टच्या आसपास मावतं, पण रेडिएटर रिकामा केल्यावर जेवढं निघालं तेवढंच परत जाईल, म्हणून निघालेलं मोजून ठेवा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे आतली हवा निघते. कूलंटची प्लास्टिकची टाकी पिवळी पडून शिवणीवर बारीक तडकलेली असेल तर तिच्याबरोबर झाकणही बदला. १६ पीएसआयचा दाब न धरणारं झाकण हे ओव्हरहिटचं सगळ्यात स्वस्त कारण आहे. गरम इंजिनवर झाकण उघडू नये, हे सांगायला नको.

गिअरबॉक्स: मरकॉन-व्ही तेल. नेमकं कुठलं ते दांडीवर लिहिलेलं असतं. पातळी गाडी पुरती गरम करून, सपाट जागी, इंजिन चालू आणि गिअर पार्कमध्ये असताना पाहायची. फक्त खालचं पॅन उतरवून फिल्टर बदलला तर सुमारे ५ क्वार्ट बदलतात, एकूण मात्र १४ च्या आसपास असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरला काही गाड्यांत खाली बूच असतं, ते असेल तर जवळजवळ सगळं तेल निघतं. पहिल्यांदा पॅन उघडताना आत एक छोटं प्लास्टिकचं बूच पडलेलं सापडेल. काही तुटलेलं नाही. जोडणीच्या वेळी दांडीच्या भोकाला लावलेलं ते बूच आहे, फेकून द्या. चुंबकावर मऊ करडी पेस्ट असणं ठीक, धातूचे तुकडे असणं वाईट. पॅनचे बोल्ट टॉर्क रेंचने १० फुट-पाउंडवर (हे आवळण्याच्या जोराचं माप), तिरपे-तिरपे आवळा. जोर लावून आवळलेलं पॅन हटकून गळतं.

डिफरन्शिअल: ८.८ इंची ॲक्सल, तेल सिंथेटिक ७५डब्ल्यू-१४०, सुमारे २ क्वार्ट. तळाला बूच नाही, मागचं झाकणच उघडावं लागतं. पण त्याआधी भरण्याचं बूच सुटतंय ना ते पाहा. त्यात ३/८ इंचाचा चौकोन असतो, रॅचेट थेट बसतं. जुनं तेल काढून टाकलं आणि वरचं बूच गंजून अडकलं तर गाडी तिथेच उभी राहील. झाकण पुसून सिलिकॉन लावून बसवा आणि तेल भोकाच्या कडेच्या पाव ते अर्धा इंच खालपर्यंत भरा. डिफरन्शिअल लिमिटेड स्लिपचं, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारं, असेल तर ४ औंस फ्रिक्शन मॉडिफायर आधी घाला, नाहीतर वळणावर मागून कडकड येते. ॲक्सलच्या नळीवरचा हवा जाण्याचा मार्ग घाणीने बुजला असेल तर तोही साफ करा. तो बंद झाला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, आणि लोक सील बदलत बसतात.

पेट्रोल फिल्टर गाडीखाली चेसिसच्या कडेला असतो. लाइनमध्ये दाब असतो, म्हणून आधी डिक्कीतल्या इनर्शिया स्विचची (धक्का बसल्यावर पेट्रोल पंप बंद करणाऱ्या स्विचची) वायर काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या आणि मगच क्लिपा सोडा. चष्मा घाला. त्याच दिवशी ब्रेक ऑइलही बदलून टाका.

स्पार्क प्लग: इथे घाई करू नका

या इंजिनची एक जगजाहीर खोड आहे. सुरुवातीच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये प्लगला धरून ठेवणारे आटे सुमारे चारच होते. प्लग सैल राहिला किंवा आटे ओढले गेले की एके दिवशी तो मोठा आवाज करून कॉइलसकट बाहेर उडतो. नंतरच्या हेडमध्ये आटे वाढवले, पण सावधगिरी सगळ्यांनीच बाळगावी. आटे गेले तरी हेड फेकावी लागत नाही. आत पोलादी आट्यांची बाही बसवण्याचे संच मिळतात. ते काम मात्र अनुभवी माणसाकडून करून घ्यावं.

काम असं करायचं:

१. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी ठेवलेली गाडी उत्तम. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे बरोबर येतात.

२. कॉइलचा ७ मिमीचा बोल्ट काढा, तिच्या वायरीचा जोड सोडवा, कॉइल थोडी फिरवत वर ओढा. सरळ हिसका दिला तर रबरी बूट खालीच तुटून राहतो.

३. प्लगच्या खड्ड्यात दाबाची हवा मारा. आत वाळू, गंज आणि कधी कधी पाणी असतं; ते सिलिंडरमध्ये पडू द्यायचं नाही.

४. ५/८ इंचाचं प्लग सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन लावून अर्धा फेरा सोडवा, थांबा, थोडं भेदक तेल सोडा, पुन्हा सोडवा. अडतोय असं वाटलं तर परत आवळून पुन्हा सोडवा.

५. नव्या प्लगचं अंतर ०.०५२ ते ०.०५६ इंच. हाताने, नुसत्या एक्स्टेन्शनने आत फिरवा. हाताने न फिरणारा प्लग तिरका गेला आहे.

६. टॉर्क रेंचने १४ फुट-पाउंडच्या आसपास आवळा. टॉर्क रेंच नसेल तर हे काम त्या दिवशी करू नका.

७. बुटाच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून कॉइल बसवा.

सिलिंडर मोजायची पद्धत: पॅसेंजरच्या बाजूला पुढून मागे १ ते ४, ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८. स्कॅनरवर ‘पी०३०४’ हा दोषाचा कोड आला तर पॅसेंजरच्या बाजूचा सगळ्यात मागचा सिलिंडर मिस मारतोय. हा चौथा सगळ्यात बदनाम आहे, कारण हीटरचे होस त्याच्या जवळून जातात आणि त्यांची किंवा इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या भागाची) गळती त्याच्या खड्ड्यात साठते. तिथे कूलंट सापडलं तर आधी गळती बंद करा. नवी कॉइल टाकून गाडी आठवडाभर बरी चालेल, मग तीही जाईल.

कॉइल खरंच गेली आहे का हे पाहायला ती शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर प्लग, वायर किंवा इंजेक्टर तपासा. आठही कॉइली एकदम बदलायची गरज नसते. अगदी स्वस्त आठाचा संच घेण्यापेक्षा मोटरक्राफ्टची एक चांगली.

मॅनिफोल्डचा तडा आणि पीसीव्हीचं कोपर

१९९६ ते २००१ च्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड पूर्ण प्लास्टिकचं होतं, कूलंट वाहून नेणारा पुढचा आडवा मार्गही. तो अल्टरनेटरच्या मागे तडकतो आणि कूलंट इंजिनवरच्या व्ही आकाराच्या खाचेत साठतं. ओळखायचं कसं? कूलंट कमी होतंय, खाली जमिनीवर डाग नाही, आणि अल्टरनेटरच्या मागे गोडसर वास किंवा वाळलेले डाग दिसतात. चिकटपट्टी आणि इपॉक्सी यांवर वेळ घालवू नका. पुढचा मार्ग ॲल्युमिनियमचा असलेलं सुधारित मॅनिफोल्ड मिळतं, तेच बसवा. २००२ पासून कारखान्यातूनच तसं येत होतं. नवख्याला एक पूर्ण शनिवार-रविवार लागेल. हेडवरची जागा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, धातूच्या पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, आधी हलके आणि मग १८ फुट-पाउंडवर. थर्मोस्टॅट आणि वरचा होस त्याच वेळी बदला, कारण ते आधीच सुटलेले असतात.

‘पी०१७१’ आणि ‘पी०१७४’ हे दोन्ही कोड जोडीने आले, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा जास्त होतेय, तर ऑक्सिजन सेन्सर विकत घ्यायला धावू नका. थ्रॉटल बॉडीच्या मागच्या बाजूला पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनमधली वाफ परत आत ओढणाऱ्या, नळीचं रबरी कोपर असतं. ऑइलच्या वाफेने ते मऊ होऊन आत खचतं किंवा खालून फाटतं. वरून दिसत नाही, बोट घालून खालची बाजू चाचपावी लागते. किरकोळ किमतीचा भाग आहे, पण इंजिनचा हेलकावा, ॲव्हरेज आणि कोड तिन्ही त्याने सुटतात.

थरथर: गिअरबॉक्स की कॉइल?

४५ मैलांच्या आसपास हलक्या एक्सलरेटरवर, चढावर, गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरते. बहुतेक जण लगेच गिअरबॉक्स गेला म्हणून सांगतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच जुन्या तेलात घसरतो तेव्हा असं होतं हे खरं, आणि कित्येकदा पूर्ण तेल बदललं की ते थांबतं. पण इंजिनच्या कमी फेऱ्यांवर भार आला की कमजोर कॉइलही अगदी असाच अनुभव देते, आणि तिथे कोड येईलच असं नाही. ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करून थरथर गेली तर तेवढ्यावर निकाल लावू नका, कारण फेऱ्या वाढल्याने दोन्ही दोष लपतात. मिसफायर मोजणारा साधा स्कॅनर ओबीडी सॉकेटला लावा आणि थरथर होताना आकडा वाढतोय का पाहा. वाढत असेल तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. क्रम असा ठेवा: प्लग, दोषी कॉइल, मग तेल, आणि सगळ्यात शेवटी टॉर्क कन्व्हर्टर.

मागून वेगाबरोबर वाढणारी घुरघुर बहुधा मागच्या ॲक्सलच्या बेअरिंगची. या ॲक्सलमध्ये बेअरिंगचे रोलर थेट दांड्यावर फिरतात, म्हणून बेअरिंग खराब झालं की दांड्यावरही चर पडतो. नुसतं नवं बेअरिंग त्या चरावर बसवलं तर सील पुन्हा गळतं. दांडा काढल्यावर नख फिरवून पाहा; नख अडकलं तर दांडाही बदला.

मागची एअर सस्पेन्शन

सगळ्या टाउन कारमध्ये आणि काही ग्रँड मार्क्विस व क्राउन व्हिक्टोरियांत मागे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. सकाळी गाडीचं ढुंगण जमिनीला टेकलेलं दिसलं तर पिशवी गळतेय. साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघा: पिशवीची घडी, सोलेनॉइडची रबरी रिंग आणि नळीचा जोड, या क्रमाने. रिंग स्वस्त आहे, ती आधी बदला. गळकी पिशवी तशीच ठेवली की कॉम्प्रेसर दिवसरात्र धावून जळतो, मग खर्च दुप्पट.

जॅक लावण्याआधी डिक्कीतला एअर सस्पेन्शनचा स्विच बंद करा. हे विसरलं तर गाडी उचलल्यावर यंत्रणा हवा सोडते आणि पिशवी चिमटून फाटू शकते. दोन्ही पिशव्या बारा-पंधरा वर्षांच्या असतील आणि गाडी फार भार वाहत नसेल तर लोखंडी स्प्रिंगचा संच बसवणं शहाणपणाचं आहे. चाल थोडी कडक होते, पण पुन्हा त्या भागाकडे बघावं लागत नाही.

विजेची दुखणी

२००३ ते २००५ मध्ये हेडलाइट चालता चालता विझतात. दोष बल्बचा नाही. डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या बाजूला असलेल्या लाइटिंग कंट्रोल मॉड्यूलमध्ये रिले आणि त्याचे सोल्डरचे जोड उष्णतेने सुटतात. रात्री असं झालं तर डिपरची दांडी ओढून धरा, बहुधा उजेड येतो, तेवढ्यात गाडी बाजूला घ्या. नवा मॉड्यूल घेतला तर त्यात गाडीची माहिती भरावी लागते, म्हणून स्वतःचाच मॉड्यूल काढून रिले बदलून घेणं सोपं आणि स्वस्त.

एसीची हवा फक्त काचेकडेच जाते? या गाड्यांत दारं-झडपा निर्वाताने हलतात आणि निर्वात गेला की हवा मुद्दाम काचेकडे वळते, म्हणजे समोरचं दिसणं बंद होऊ नये. स्वयंचलित तापमानाच्या गाड्यांत दोष बहुतेकदा डॅशबोर्डवरच्या कंट्रोल पॅनेलच्या मागे असतो. तिथल्या सोलेनॉइडच्या छोट्या रबरी रिंगा कडक होतात. पॅनेल काढून चार रिंगा बदलल्या की झालं. कान लावला तर आतून सुस्स आवाज येत असतो.

दार लावूनही आतला दिवा जळत राहिला तर दाराच्या कुलपातला स्विच चिकटला आहे. भेदक तेल मारून दहा वेळा दार उघडझाप करा.

मोठ्या खड्ड्यातून गेल्यावर किंवा मागून कोणी हलकं ठोकल्यावर गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही? टो ट्रक बोलावण्याआधी डिक्कीत, अस्तरामागे, ड्रायव्हरच्या बाजूचा इनर्शिया स्विच पाहा. धक्का बसला की तो पेट्रोल पंपाची वीज तोडतो. आधी पेट्रोलची गळती नाही ना बघा, मग वरचं बटण दाबा, किल्ली काही सेकंद ऑन करून पुन्हा गळती तपासा आणि मग चालू करा.

चिपच्या किल्लीच्या गाडीत दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी स्वतःच जोडता येते. एकच असेल तर कुलूपवाल्याकडे किंवा डीलरकडे जावं लागतं. म्हणून विकणाऱ्याकडून दुसरी किल्ली मागून घ्या, नसेल तर भाव कमी करा.

पुढची चाकं आणि टायर

पुढचं चाक उचलताना जॅक खालच्या आर्मखाली लावा, म्हणजे बॉल जॉइंट मोकळा होतो. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा हब. डावी-उजवीकडे खेळ आला तर टाय रॉड. २००२ पर्यंतच्या गाड्यांत आयडलर आर्मही तपासा. छोट्या खड्ड्यांवर टकटक येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारच्या लिंका, तासाभराचं काम. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका: पुढे चेसिसखाली आणि मागे ॲक्सलच्या नळीखाली जॅक स्टँड लावा.

चाकांच्या ढिबऱ्या १०० फुट-पाउंडवर, ताऱ्याच्या क्रमाने. टायरचं वय बाजूवर ‘डॉट’ च्या शेवटच्या चार अंकांत असतं: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आजोबांच्या गाडीचे टायर नक्षीने नवे पण वयाने दहा वर्षांचे असतात, ते काढाच. मागच्या चाकांची ताकद असल्याने बर्फात चारही विंटर टायर लागतात, दोन लावून चालत नाही.

मिठापासून वाचवायचं तर

हिवाळा संपल्यावर गाडीखालून भरपूर पाण्याने धुवा, चेसिसच्या आतली पोकळीही, कारण मीठमिसळलेला चिखल तिथे साठतो. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. पानगळीच्या दिवसांत कोरड्या हवेत चेसिस, ब्रेकचे पाइप आणि बॉडीचे जोड यांवर न सुकणारं, तेलकट गंजरोधक फवारा. रबरासारखं जाड काळं कोटिंग जुन्या गंजावर मारू नका. त्याच्या आत ओल अडकते आणि गंज नजरेआड वाढत जातो. फवारताना ब्रेक डिस्क, पॅड आणि सायलेन्सरचे पाइप झाकून घ्या, आणि पहिल्या दोन दिवसांत गरम पाइपाजवळून थोडा धूर आला तर तो सांडलेल्या तेलाचाच आहे ना, हे वाकून पाहून घ्या.